नानांच्या गोळीचा हिशेब

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. तीन-चार जणांनी मेल करून विचारलं (म्हणजे वाचणारे निदान तीन-चार जण आहेत, हे नक्की झालं). कारण घरचंच होतं. गावाकडे जाऊन आलो.

गाव म्हणजे शिरूर अनंतपाळ. पुण्यात नुसतं शिरूर म्हटलं की समोरच्याला घोडनदी आठवते आणि तो म्हणतो, "अरे वा, जवळच की!" आमचं शिरूर लातूर जिल्ह्यात. रात्रीच्या बसने सकाळी लातूर, आणि तिथून पुढे एसटी नाहीतर जीप. नाना तिथेच असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सकाळी सातला अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसण्याची सवय काही गेली नाही.

नानांच्या हृदयाचे ठोके चार-पाच वर्षांपासून अनियमित आहेत. त्यासाठी डिगॉक्सिनची पाव मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून पाच दिवस. शनिवार-रविवार सुट्टी. (माझ्यासारखीच.) नाना मास्तर असल्यामुळे गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने बरोबरची खूण करतात. पाच खुणा, दोन रिकाम्या चौकटी, परत पाच खुणा.

मे महिन्यात त्यांचं जेवण कमी झालं. मळमळ. मग एका रात्री ते आईला म्हणाले, बल्बभोवती पिवळं कडं दिसतंय. लातूरच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या जास्त जातायत का?" झालं! मी पुण्यातून फोनवर सुरू. नाना, विसरून दोनदा घेता का? सकाळी एकदा आणि चहानंतर परत एकदा?

"रोज एकच घेऊलालो की रे. कॅलेंडरवर खुणा हायत्या."

मी दिवसभर लॉग फाइली वाचून पोट भरणारा माणूस. लॉगमध्ये लिहिलंय म्हणजे तसं घडलंच असं नसतं, हे मी ऑफिसात रोज ज्युनिअर पोरांना सांगतो. तेच मी नानांना सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. ते काही बोलले नाहीत. फोन आईकडे दिला.

डॉक्टरांनी गोळी थांबवली आणि रक्तातली डिगॉक्सिनची पातळी मोजायला सांगितली. रक्त घ्यायला एक मुलगा घरी आला, बाटली पिशवीत टाकून मोटारसायकलवरून लातूरला निघाला. मे महिना, दुपारचे दोन. रक्त काढल्यावर ते थोड्या वेळात यंत्रात फिरवून वरचा पिवळा द्रव वेगळा करायचा असतो आणि थंड ठेवायचा असतो. तसं झालं नाही. तांबड्या पेशी फुटल्या आणि सॅम्पल रद्द. शेवटी नानांना जीपमध्ये बसवून लातूरला न्यावं लागलं, तिथून सॅम्पल मुंबईला गेलं, आणि आम्ही तीन दिवस वाट बघत बसलो.

त्या तीन दिवसांत मी वाचत होतो. दुसरं काय करणार?

डिगॉक्सिन ही फार जुनी गोष्ट आहे. फॉक्सग्लव्ह नावाचं एक फुलझाड युरोपात सगळीकडे उगवतं. बर्मिंगहॅमच्या विल्यम विदरिंग या डॉक्टरने त्याची पानं अंगावर सूज चढलेल्या रोग्यांना देऊन बघितली, दीडशेहून जास्त रोग्यांच्या नोंदी ठेवल्या आणि १७८५ मध्ये पुस्तक काढलं. त्याची पद्धत अशी, की लघवी सुटेपर्यंत, नाहीतर नाडी मंदावेपर्यंत, नाहीतर उलटी-जुलाब सुरू होईपर्यंत औषध द्यायचं, आणि यातलं काहीही दिसलं की थांबायचं. म्हणजे औषध पुरेसं झालं की नाही हे रोग्याच्या शरीरालाच विचारायचं, आणि शरीर कधीकधी विषबाधा होऊनच उत्तर देणार. पिवळं दिसतं हेसुद्धा विदरिंगने तेव्हाच लिहून ठेवलंय.

(या जातीची विषं आपल्याला अनोळखी नाहीत. कुंपणाला लावतात ती पिवळी कण्हेर, बिट्टी म्हणतात ती, तिच्या बियांमध्ये याच कुळातली रसायनं असतात. लहानपणी तिच्या बियांना हात लावला म्हणून मार खाल्लाय.)

१९३० मध्ये लंडनच्या बरोज वेलकम कंपनीत सिडनी स्मिथने फॉक्सग्लव्हच्याच दुसऱ्या एका जातीतून शुद्ध डिगॉक्सिन वेगळं काढलं. आता पानांची पूड नको, मोजून मापून केलेली गोळी. तरी प्रश्न तसाच राहिला, कारण गोळीत किती आहे हे माहीत असलं तरी रक्तात किती पोचलं हे कोणालाच माहीत नव्हतं. हृदयाला पुरेल ती मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर अगदी थोडं. १९६०-७० च्या सुमारास अमेरिकेतल्या इस्पितळांत हे औषध घेणाऱ्या साधारण पाचातल्या एका रोग्यात विषबाधेची लक्षणं दिसत.

रक्तात मोजायचं का नाही? कारण प्रमाण फारच कमी. मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हे डोळ्यापुढे येईना म्हणून मी गणित केलं. मराठवाड्यात घरोघरी दोनशे लिटरचा निळा ड्रम असतो. अशा भरलेल्या ड्रमात नानांची एक गोळी विरघळवली, तर मिलिलिटरला सव्वा नॅनोग्रॅम होतात. मात्रा बरोबर आहे तो ड्रम हा. त्यात दोन गोळ्या टाकल्या की माणूस आजारी. आणि हे ओळखायचं कशावरून, तर पेलाभर पाण्यावरून.

रस्ता वेगळ्याच दिशेने निघाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका सरकारी इस्पितळात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन इन्सुलिनवर काम करत होते. १९५९-६० मध्ये त्यांनी रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत मांडली. कल्पना एसटीची आहे. समजा गाडीत पन्नासच जागा आहेत. लाल टोपीवाले शंभर प्रवासी तुम्ही मोजून स्टँडवर उभे केले, आणि त्यांच्यात गावातले बिनटोपीचे किती मिसळले ते माहीत नाही. गाडी भरली की आत लाल टोप्या किती ते मोजा. टोप्या कमी दिसल्या म्हणजे गावातले लोक जास्त होते. इथे जागा म्हणजे अँटिबॉडी, आणि लाल टोपी म्हणजे किरणोत्सारी खूण केलेला पदार्थ. दोघांनी या पद्धतीचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये वारला, यॅलोला १९७७ चं नोबेल मिळालं.

डिगॉक्सिनच्या अँटिबॉडी सशांमध्ये तयार करता आल्या, आणि १९६९ मध्ये थॉमस स्मिथ, व्हिन्सेंट बटलर आणि एडगर हेबर यांनी रोग्यांच्या रक्तातलं डिगॉक्सिन मोजून दाखवलं. विदरिंगनंतर १८४ वर्षांनी.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. मोजायला लागल्यावर काय सापडेल असं वाटलं असेल? रोगी नीट गोळ्या घेत नाहीत हेच. ते सापडलंही. पण १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन लिंडेनबॉम यांनी, याच बटलरना बरोबर घेऊन, निरोगी माणसांना डिगॉक्सिनच्या चार वेगवेगळ्या बनावटीच्या गोळ्या दिल्या. सगळ्यांवर मात्रा तीच छापलेली. रक्तातली पातळी निघाली सातपटीपर्यंत वेगळी! काही गोळ्या पोटात नीट विरघळतच नव्हत्या. ब्रिटनमध्ये १९७२ मध्ये एका नावाजलेल्या गोळीची बनवण्याची पद्धत बदलली, आणि तीच गोळी, तीच मात्रा, पण रक्तात जवळजवळ दुप्पट औषध जायला लागलं. म्हणजे इतकी वर्षं ज्या रोग्यांना डॉक्टर म्हणत असतील "तुम्ही गोळ्या चुकवता" किंवा "तुम्ही जास्त घेता", त्यातल्या कितीजणांची चूक काडीचीही नव्हती. बग युजरमध्ये नव्हता, बिल्डमध्ये होता. हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मला नानांशी फोनवर बोललेला माझा आवाज आठवला.

आपल्याकडे हे तंत्र मुंबईत आलं, आणि मुंबईतही मुख्यतः परळमध्ये. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून तिथे आहे, रेडिओइम्युनोअ‍ॅसेचं काम तिथे झालं. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर केईएम. औषधांची रक्तातली पातळी मोजून मात्रा ठरवण्याची सेवा भारतात १९८० च्या दशकात सुरू झाली, त्यात केईएमच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाचं नाव पुढे आहे. तिथे भर मुख्यतः फिट्सच्या औषधांवर राहिला. गरज तीच, मात्रा आणि विषबाधा यांतलं अंतर थोडं. पण परळमध्ये राहणाऱ्याला रक्त देऊन घरी जाता येतं. शिरूर अनंतपाळहून रक्त परळला पोचवायचं तर वाटेत मे महिना आडवा येतो.

यावरचं उत्तर जुनंच आहे. रक्त पातळ ठेवूच नका, वाळवा.

१९१३ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला इव्हार बांग नावाच्या नॉर्वेजियन प्राध्यापकाने बोटातून काढलेल्या रक्ताचे थेंब कागदाच्या तुकड्यावर टिपून त्यातली साखर मोजली होती. पुढची पन्नास वर्षं याचं मोठं असं काही झालं नाही. मग बफेलोचा रॉबर्ट गथ्री. त्याचा एक मुलगा मतिमंद होता, आणि बायकोच्या बहिणीच्या मुलीला पीकेयू हा जन्मजात आजार निघाला. रक्तात फेनिलअ‍ॅलानिन साठत जातं आणि मेंदू बिघडतो. पहिल्या काही आठवड्यांत कळलं तर आहार बदलून मूल वाचतं. त्या मुलीचं कळलं तेव्हा ती सव्वा वर्षाची होती, उशीर झाला होता. गथ्रीने १९६३ मध्ये अ‍ॅडा सुझीबरोबर अगदी साधी तपासणी छापली. बाळाच्या टाचेला टोचायचं, थेंब जाड कागदावर टिपायचा, वाळवायचा, आणि टपालाने पाठवायचा. टपालाने! वाळलेल्या रक्तात पाणी नाही, त्यामुळे कितीतरी पदार्थ त्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. अमेरिकेत आणि युरोपात जन्मलेली मुलं आज बहुतेक सगळी या कागदावरून गेलेली असतात.

कागद साधा नसतो बरं का. शुद्ध कापसाचा असतो, आणि तोही लिंटरचा, म्हणजे सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंचा. मराठवाड्यातला माणूस सरकी ढेपेसाठी आणि तेलासाठी ओळखतो, तिचा हा उपयोग मला पहिल्यांदाच कळला.

हा कागद महाराष्ट्रातल्या खेड्यांत येऊनही गेलाय, पण वेगळ्या कामासाठी. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची तिसरी फेरी झाली. तिचं काम बघत होती मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. घरोघरी जाऊन कार्यकर्त्यांनी लोकांची परवानगी घेतली, बोट टोचलं, एका थेंबावर जागच्या जागी हिमोग्लोबिन मोजलं आणि बाकीचे थेंब एचआयव्ही तपासणीसाठी कागदावर टिपले. कार्ड रात्रभर वाळवायचं, पिशवीत ओल शोषणारी पुडी टाकून बंद करायचं आणि पाठवून द्यायचं. देशभरात लाखाहून जास्त लोकांचे थेंब असे जमा झाले, आणि ज्या मोजक्या राज्यांचा आकडा वेगळा काढता येईल इतके थेंब घेतले त्यात महाराष्ट्र होता. २००७ मध्ये भारतातल्या एचआयव्ही बाधितांचा अंदाज पन्नास लाखांच्या वरून पंचवीस लाखांच्या आसपास आला, त्यात या वाळलेल्या थेंबांचा वाटा मोठा आहे. पुढे याच संस्थेने २०१७-१८ मध्ये सुरू केलेल्या वृद्धांच्या पाहणीतही पंचेचाळिशीच्या पुढच्या लोकांचे थेंब कागदावर घेतले.

म्हणजे शीतपेटीशिवाय खेड्यातून रक्त नेता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. मग त्या थेंबात हृदयाचं औषध का मोजू नये?

हे करून बघितलं इंग्लंडमधल्या लेस्टरला. (लेस्टर म्हणजे निम्मं गुजरात, हे तिथे राहून आलेल्यांना सांगायला नको.) डी माँटफर्ट विद्यापीठात संगीता टन्ना आणि ग्रॅहम लॉसन यांच्या गटाने २०१२ मध्ये वाळलेल्या ठिपक्यात अ‍ॅटेनोलॉल मोजून दाखवलं, २०१३ मध्ये बिसोप्रोलॉल, रामिप्रिल आणि सिमवास्टॅटिन. ही नावं तुमच्या आईवडिलांच्या गोळ्यांच्या डब्यात नक्की सापडतील. ठिपक्यातून पंचिंग मशीनने एक गोल चकती कापायची, द्रावणात भिजवायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालायची. डिगॉक्सिन त्या मानाने अवघड, कारण ते एवढं कमी असतं की एका ठिपक्यात फार तर काही पिकोग्रॅम येतात.

लेस्टरच्या मंडळींचा उद्देश उघड होता, रोगी गोळ्या खरंच घेतात का ते बघणं. प्रश्न खराच मोठा आहे. २०११ मध्ये सतरा देशांच्या एका पाहणीत दिसलं, की भारतासारख्या गरीब देशांत ज्यांना हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलाय त्यातले ऐंशी टक्के लोक ठरलेल्या चार प्रकारच्या औषधांपैकी एकही घेत नव्हते. कोणाला कोणी लिहूनच दिलं नव्हतं, कोणाला परवडत नव्हतं. आमच्या शेजारचे एक काका लघवीची गोळी लातूरला जायच्या दिवशी घेत नाहीत, कारण एसटी मध्ये थांबत नाही. हे कुठल्याच रिपोर्टात येणार नाही.

पण कागदाची एक मोठी गोम आहे, आणि ती नेमकी आपल्याला लागते. थेंब कागदावर किती पसरतो हे रक्ताच्या दाटपणावर अवलंबून असतं. तांबड्या पेशी भरपूर असल्या की रक्त दाट, ठिपका लहान. पेशी कमी असल्या की रक्त पातळ, ठिपका मोठा. आता दोन्हीतून एकाच मापाची चकती कापा. पातळ ठिपक्याच्या चकतीत रक्तच कमी येतं, म्हणून औषधही कमी दिसतं. म्हणजे रक्त कमी असलेली एखादी बाई रोज इमानदारीने गोळी घेत असली, तरी कागद सांगणार की ही बाई गोळ्या चुकवते. आणि महाराष्ट्रात रक्त कमी असलेल्या बाया किती? २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के. ज्या पाहणीने हा कागद गावोगाव नेला, तीच पाहणी दर फेरीत सांगत होती की कागदाचं हे माप इथे चुकेल. एचआयव्हीला फरक पडला नाही, कारण तिथे हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं होतं. औषधाला आकडा हवा असतो.

त्यावरही तोड निघाली. २०१३ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या गटाने ठिपक्यातलं पोटॅशियम मोजून रक्ताचा दाटपणा ओळखण्याची युक्ती काढली, कारण पोटॅशियम मुख्यतः तांबड्या पेशींत असतं. त्याच सुमाराला कागदाऐवजी मोजून ठरावीक रक्तच शोषणारी छोटी टोकं आली, काडीला लावलेल्या इवल्याशा स्पंजसारखी. रक्त दाट असो की पातळ, ते तेवढंच घेणार. किंवा मग साधा उपाय, थेंब मोजून टाकायचा आणि सगळाच्या सगळा ठिपका कापून घ्यायचा. हे सगळं आहे. पण मास स्पेक्ट्रोमीटरची किंमत कोटींत, ते चालवणारी माणसं मोजकी, आणि नानांच्या फायलीत जो रिपोर्ट शेवटी लागला तो नेहमीच्या बाटलीतल्या रक्ताचाच.

तो रिपोर्ट चौथ्या दिवशी सकाळी मेलवर आला. २.६. ड्रमात दोन गोळ्या.

मी लगेच डॉक्टरांना फोन लावला, मनात "बघा, मी म्हणत होतो" हे वाक्य तयार ठेवून. त्यांनी दुसरा कागद बघायला सांगितला, क्रिएटिनिनचा. ते वाढलेलं होतं. डिगॉक्सिन शरीराबाहेर जातं ते मुख्यतः मूत्रपिंडातून. वय झालं, त्यात उन्हाळा, त्यात मळमळीमुळे पाणी कमी. मूत्रपिंडं मंदावली आणि आदल्या दिवशीचं औषध बाहेर पडायच्या आत दुसऱ्या दिवशीचं येऊन बसत गेलं. "वडील गोळ्या बरोबर घेत होते," डॉक्टर म्हणाले. "मात्रा आपणच कमी करायला हवी होती. सहा महिन्यांपूर्वी क्रिएटिनिन बघायला पाहिजे होतं."

त्याच रात्री बस पकडली. नाना ओसरीवर बसले होते, जरा वाळलेले, पण शर्ट इस्त्रीचा. मी त्यांना रिपोर्ट वाचून दाखवला, एसटीची आणि लाल टोप्यांची गोष्ट सांगितली, न्यूयॉर्कच्या सातपट फरकाच्या गोळ्यांची पण सांगितली. ती त्यांना आवडली. "मंग त्या मास्तरनं कंपनीला नापास केलं म्हणायचं," म्हणाले. मी माफी मागायच्या बेतात होतो, तर त्यांनी मला पाणी आणायला पाठवलं.

आता गोळी अर्धी झाली आहे आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन बघायचं ठरलंय. निघताना कॅलेंडर बघितलं. लाल पेनाच्या नव्या खुणा जुन्यांपेक्षा लहान होत्या. बरोबरच्या खुणेतली नुसती आखूड रेघ काढलेली, वर जाणारी लांब रेघ नाहीच.

"हे काय नाना?"

"अर्ध्या गोळीला अर्धीच खूण की रे."